मंगळवारचा डबा

कॅन्सरच्या डॉक्टरांनी अकरा वर्षं खपून शोधलेल्या गोळीची चाचणी चालू होती. गाठ असलेल्या निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे खुद्द डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी आकडे आले, तर दोन्ही गटांतल्या गाठी सारख्याच, जराजराशा आक्रसलेल्या. खोट्या गोळीनं गाठ कशी आक्रसेल? पाणी कुठेतरी मुरत होतं.

संशय औषधवाल्यावर गेला, कारण बाटल्या त्याच्याच हातून जात. बाटल्या वाटायच्या मंगळवारी डॉक्टर तोंडासमोर पेपर धरून त्याच्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसले. पण तो गडी चोख निघाला. नंबर दोनदा जुळवूनच बाटली देत होता. बायका मात्र बाटल्या घेऊन दाराकडे न जाता कोपऱ्यात जमल्या. सगळ्यांत थोरल्या काकूंनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. सगळ्यांनी आपापल्या गोळ्या त्यात ओतल्या. काकूंनी त्या हातानं चांगल्या खालीवर केल्या आणि तीस-तीस मोजून बाटल्या परत भरायला घेतल्या.

"काकू, अहो काय करताय हे? माझी अकरा वर्षं मातीत घातलीत!"

मोजणी चुकेल म्हणून काकूंनी मान वर केली नाही.

"निम्म्याजणींची गोळी खोटी आहे, हे तुम्हीच सांगितलंत ना पहिल्या दिवशी? मग आमच्यातल्या कुठल्या निम्म्याजणी सोडायच्या, तेवढं बोट करून दाखवा."