तोंडाची काजळी

धुराड्यातली काजळी फियाक्रानं आपल्या पाच वर्षांच्या लेकीच्या, मुरीनच्या तोंडाला पार कानामागंपर्यंत फासली. हॅलोवीनच्या संध्याकाळी गेलेली माणसं गावात फिरतात. त्यांना आपलं लेकरू ओळखू येता कामा नये. आई वारल्यावरची पोरीची ही पहिलीच हॅलोवीन.

गावातल्या पोरांबरोबर दारोदार फिरून ती दिवेलागणीला पिशवीभर सफरचंदं, अक्रोड घेऊन परतली. फियाक्रा ताटल्या मांडत होता. रिवाजाप्रमाणे एक तिच्या आईच्या नावाची. तो मनुकांचा पाव कापायला लागला, तेवढ्यात मुरीन तोंड लख्ख धुऊन समोर उभी.

"कुणी सांगितलं गं धुवायला? सकाळपर्यंत पुसायचं नाही म्हटलं होतं ना?"

"बाबा, आई आमच्या मागनंच फिरत होती. एकेका पोराचं तोंड वाकून बघत होती. तिला मी सापडेचना. रडकुंडीला आली बिचारी."

फियाक्राच्या हातातली सुरी थांबली. "मग?"

"मग काय. आत्ता तिनं खिडकीतनं बघितलं, लगेच ओळखलं." मुरीन खाली बसून बुटाची नाडी बांधू लागली. "कोटपण घाल म्हणाली. तिकडं फार गार असतं."