आधी मायाक्का

दिवाळीपासून आप्पा बोलेनात, म्हणून अजिनाथ आई-वडिलांना घेऊन सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडं आला. डोक्याला वायरी लावून लहरींवरून माणसाची उदासी कळते म्हणे. पण आप्पा काही केल्या खुर्चीत बसेनात.

अजिनाथची आई मायाक्का खळखळून हसली. "बुजलेली मेंढरं अशीच असत्यात. एकीला आधी पाण्यात घाला, बाकीची येत्यात मागनं. लावा मलाच वायरी!"

डॉक्टरांनी हसत हसत लावल्या. मग पडद्यावरच्या रेषांकडं बराच वेळ बघत राहिले.

"आजी कधीपासून उदास आहेत?"

"आई?" अजिनाथ चकित झाला. "ती तर दिवसभर हसत असती की!"



तेवढ्यात आप्पा बोलले, "ती उगंच हसाय लागली, तवापासनंच मला बोलाय सुचंना."