चष्म्याची दोरी

“हनुवटी इथे टेकवा, काका. कपाळ पट्टीला लावा.”

पारख्याने हनुवटी यंत्रावर टेकवली. एवढ्या उकाड्यात त्याने सदऱ्याची बटणं पार गळ्यापर्यंत लावली होती. कॉलर मानेत रुतत होती. मीठ पारखायचा हंगाम संपवून तो सकाळीच मिठागरातून परतला होता. त्याचा लाल डोळा पाहून बायकोने त्याला पाणीसुद्धा पिऊ न देता दवाखान्यात आणलं होतं. आता ती भिंतीशी स्टुलावर बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याची बारीक तिरीप त्याच्या उजव्या डोळ्यात सोडली आणि कोपऱ्यापासून बुबुळापर्यंत फिरवली.

“परत आलंय,” शेवटी त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षी नाकाकडच्या कोपऱ्यातलं वाढलेलं मांस काढून तिथे चांगला पापुद्रा बसवला होता. त्याला ओलांडून थेट बुबुळावर चढलंय. थेंब नीट घातले होते ना?”

“संपेपर्यंत मी त्यांना उंबरठ्याबाहेर पडू दिलं नाही,” बायको म्हणाली.

“आणि काळा चष्मा? उन्हात तो हवाच, हे मी बजावलं होतं.”

“झोपताना तेवढा काढायचो,” पारखी म्हणाला. “सगळे चिडवायचे. हिरो आले, बाजूला व्हा म्हणायचे.”

“विसरभोळे आहेत हो. कुठे ठेवून येतील म्हणून मी दोरी बांधून दिली होती,” बायकोने सांगितलं. “गळ्यातच राहायचा. हरवायचा प्रश्नच नाही.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. “सगळं पाळूनही कधी कधी परत येतं. तसं असेल तर आणखी एकदा काढून बघू. पण चष्मा न लावता उन्हात फिरणाऱ्याच्या डोळ्याला मी पुन्हा हत्यार लावत नाही. दर वेळी ते आधीपेक्षा जोमाने वाढतं. पुढच्या खेपेला बुबुळाच्या मधोमध येईल, मग दिवस काय नि रात्र काय. मान जरा पुढे घ्या. ते वरचं बटण काढा बघू, गुदमरताय.”

“राहू द्या.”

“अहो, कसला हा हट्ट!” बायको उठली. तिनेच बटण काढलं. मग खालचं काढलं.

मिठागरात तो उघड्या अंगानेच वावरायचा. छाती उन्हाने करपून तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी झाली होती. तिच्या मधोमध शेजारी शेजारी दोन फिकट गोल होते. कडा पुसट, पण आकार ओळखू येत होता. दोरीला चष्मा लटकतो, नेमक्या त्याच जागी.

बायकोचा हात तिथेच थांबला.

पारख्याची हनुवटी यंत्रात अडकलेली होती. मान वळवता येईना. त्याने फक्त डोळे तिच्याकडे फिरवले.

“तो लावला की पाणी नुसतं काळं दिसतं गं,” तो पुटपुटला. “गुलाबी झाक कळत नाही. मीठ कधी काढायचं ते सांगू कसं? एक दिवस चुकला की सगळं मीठ कडू. मग मला ठेवतील कशाला?”

डॉक्टरीणबाई पाठ करून बेसिनवर हात धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला. “काही म्हणालात?”

“नाही,” बायको म्हणाली.

“ताई, तुम्ही सांगा. चष्मा लावत होते ना?”

बायकोने आधी खालचं बटण लावलं. मग वरचं. कॉलर सारखी केली.

“हो,” ती म्हणाली. “कधीच काढला नाही.”