सगळ्यांना एकच धडा
"राष्ट्राचं भवितव्य वर्गाच्या चार भिंतींत घडतं," असं शिक्षक निवड समितीचे अध्यक्ष गरजले आणि खुर्ची डुगडुगते म्हणून मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून बसले. "आम्ही माणूस पारखून घेणार. प्रत्येक उमेदवाराला हाच वर्ग, हाच धडा. कुणावर अन्याय नको."

उमेदवार बाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या. पुढच्या महिन्यात त्या वयाच्या अटीत बसणार नव्हत्या. सरकारी शाळेची ही शेवटचीच संधी. त्यांनी टॉर्च लावला, त्यापुढे चेंडू धरला आणि सूर्यग्रहण शिकवायला घेतलं. प्रश्न तोंडातून निघायचा अवकाश, अख्खा वर्ग एका सुरात उत्तर देई. मागे अध्यक्षांची मान डोलू लागली. बाईंना वाटलं, जमलं बुवा एकदाचं.

"भलतीच हुशार आहात रे," त्या हरखून म्हणाल्या. "कुणी शिकवलं हे?"

"सगळ्यांनी," पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली. "कालपासून जे येतात ते हेच शिकवतात."

"आणि तुमच्या बाई?"

"आम्हाला वर्षभर बाईच नाहीत. म्हणून तर तुमची परीक्षा चाललीय ना?"

अध्यक्षांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. वेळ संपली होती. बाईंनी टॉर्च बंद केला आणि चेंडू पिशवीत टाकला.

पोरीने हात वर केला. "बाई, तुम्हाला नाही घेतलं तरी चालेल. पण जाता जाता तेवढं चंद्रग्रहण सांगता का?"