मातीचा विषय

"गारठ्याच्या कालेजातनं तिसगावला यायला किती तास?" सूर्यभानअण्णांनी विचारलं.

"एकोणतीस," अश्विनी म्हणाली.

"आन् उन्हाच्या?"

"एकेचाळीस. तीन विमानं लागतात."

अण्णांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान हलवली. दोन्ही विद्यापीठं अमेरिकेतली, दोन्ही सरकारी, एकेकात चाळीस-चाळीस हजार पोरं. त्यांची नावं घरात कुणाच्या जिभेवर बसली नव्हती. एक बर्फाच्या मुलखात आणि दुसरं वाळवंटाच्या कडेला, म्हणून गारठ्याचं आणि उन्हाचं. दोघांनीही अश्विनीला घेतलं होतं आणि दोघांनाही आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

लॅपटॉपवर तिनं तक्ता केला होता. शिकवणारे, प्रयोगशाळा, पुढची नोकरी, हवामान. शेवटचा रकाना अण्णांनी घालायला लावला होता, घरी यायला लागणाऱ्या तासांचा. नगरच्या डॉक्टरांनी अण्णांना दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. अश्विनीला ऑगस्टात निघायचं होतं. 'मी थांबते' असं ती मागच्या आठवड्यात एकदाच म्हणाली, तर अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून घरात ऑगस्टबद्दल सगळे बोलत. दिवाळीबद्दल कुणी बोलत नसे.

सल्ल्याला बन्सीकाका आले होते. अण्णांचे चुलतभाऊ. मंडप, खुर्च्या, स्पीकर आणि गेल्या वर्षापासून मयत ठेवायची शीतपेटी, असा त्यांचा कारभार. काचेच्या झाकणाची ती पेटी आल्यापासून गावात त्यांचं मत सगळ्याच बाबतीत घेतलं जाई.

"शिकायला कोन्तं बरं?" काकांनी विचारलं.

"उन्हाचं. तिथल्या बाई कोरडवाहू मातीवरच काम करतात. त्यांनी मला स्वतः पत्र लिहिलंय."

"आन् गारठ्याचं?"

"नाव मोठं आहे. माती वेगळी."

काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "एकोनतीस म्हनलीस ना? बसतंय मग."

"काय बसतंय?"

"पेटी तीस तास धरती. कंपनी छत्तीस म्हनती, पन आपली लाईट बघता मी तीसच सांगतो. जनरेटर घरचा हाय. तुझी गाडी माळशेज घाटात अडकली न्हाई, तर आरामात बसतंय."

डाळ निवडणाऱ्या आईचा हात थांबला. "भाऊजी, माणूस समोर बसलंय."

"म्हनून तर बोलतोय, वयनी. माघारी बोललो तर त्याला ऐकू येनार हाय का?"

अण्णा हसले. हसण्यातून खोकला आला. तो थांबेपर्यंत सगळे तक्त्याकडे बघत राहिले.

"एकेचाळीसवालं मात्र न्हाई बसत," काका म्हणाले. लग्नात खुर्च्या कमी पडल्यावर त्यांचा चेहरा असाच व्हायचा. "अश्विने, इचार कर. लोकं काय म्हनतील? पोरगी माती शिकायला साता समुद्रापार गेली, आन् बापाच्या मातीला न्हाई आली."

अश्विनीनं तक्त्यातली उन्हाची ओळ पुसून टाकली.

"गारठ्याचं घेते," ती म्हणाली. "नाव पण मोठं आहे."

"खोटं बोलताना तू आईसारखी नाक चोळतीस," अण्णा म्हणाले. "त्या बाईंनी काय लिव्हलंय? वाच."

"अण्णा, आता ते कशाला..."

"वाच."

तिनं पत्र उघडलं. मनातल्या मनात मराठी करत सावकाश वाचलं. "'तुमच्या गावच्या मातीवरचा अहवाल वाचला. पाऊस नसताना दोन-दोन वर्षं ती जिवंत कशी राहते, मला कळत नाही. आपण मिळून शोधू.'"

अण्णांनी डोळे मिटून श्वास गोळा केला. तो पुरेसा जमायला वेळ लागला.

"उन्हाचं घे."

"एकेचाळीस तास, अण्णा."

"तीस तास बन्सीच्या पेटीचे. मला धा दिवस हायत. तू येईस्तवर पिंडाला कावळा शिवू देत न्हाई मी. झाडावरच बसवून ठिवतो त्याला."

बन्सीकाका विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "मग मंडप दहाव्यालाच मोठा घालू," ते म्हणाले. "स्पीकरसकट."

आईनं डाळीचं ताट खाली ठेवलं आणि ती आत गेली. आतून भांड्याचासुद्धा आवाज आला नाही.

अश्विनीनं उन्हाच्या विद्यापीठाला होकार कळवला. मग गारठ्याच्या विद्यापीठाला नकार कळवायला घेतला, तर पडद्यावर एक चौकट उघडली. तिचा हात तिथंच अडला.

"काय म्हनतंय ते?" अण्णांनी विचारलं.

"नको का म्हणता, ते विचारतायत. फी, अंतर, हवामान, इतर. यातलं एकच निवडायचं."

अण्णांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बन्सीकाकांकडे.

"हवामान दाब," ते म्हणाले. "म्हनावं, आमच्या घरात गारठा कुनाला सोसत न्हाई."