वरून येणारा केक

सकाळी सातच्या सुमारास तांबडी कोंबडी मेली. परसातल्या खुराड्यापाशी ती आडवी पडली होती, पाय ताठ, चोच उघडी. बाकीच्या कोंबड्या काही झालंच नाही अशा थाटात शेजारीच माती उकरत होत्या.

सिस्टर कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. नोकरी संपली तरी गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. हयात वॉर्डात गेलेली. मेलेलं माणूस त्यांना नवं नव्हतं, मग कोंबडीचं काय. पण काल संध्याकाळी तांबडीनं केक खाल्ला होता, आणि तो केक सिस्टरांसाठी आला होता.

केक वरून यायचा. वर मुलगा आणि सून, खाली सिस्टर, चुली वेगळ्या. घर विकायचा हट्ट सुनेनं धरलाय, हे मुलानंच कानावर घातलं, आणि तेव्हापासून सासू-सुनेत अबोला होता. मग एकाएकी केक सुरू झाले. मुलगा संध्याकाळी बशी घेऊन खाली यायचा.

"हिनं केलाय. तुझ्यासाठी मुद्दाम."

"मुद्दाम कशाला?"

"तुझं आपलं काहीतरीच, आई. गोड खायलाही कारण लागतं का तुला?"

काळाभोर, ओलसर केक. सून तोंडातून शब्द काढत नाही आणि केक मात्र चुकत नाही, हे सिस्टरांना पचेना. त्यांनी तो हुंगला, बोटांत चुरडून पाहिला. काहीच सापडलं नाही, म्हणून संशय आणखी वाढला. मुलाची पाठ वळली की बशी परसात रिकामी व्हायची. तांबडी एवढी हावरट, की दुसरीला चोच घालू देत नसे. कालचा एक तुकडा तेवढा सिस्टरांनी डब्यात राखून ठेवला होता. पुरावा म्हणून.

त्यांनी तांबडीला वर्तमानपत्रात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्याची वाट धरली. रस्ताभर डोक्यात एकच चाललं होतं. डॉक्टरनं विष म्हटलं, की सुनेला आजच घराबाहेर काढायची. मुलगा तिच्यामागे गेला तरी बेहत्तर.

डॉक्टर तरुण होता. त्यानं तांबडीला उलटंपालटं केलं, गळ्याखाली दाबून पाहिलं.

"खायला काय घालत होता?"

"केक."

"कसला?"

"काळा. चॉकलेटचा असावा."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "अहो आजी, चॉकलेट कोंबड्यांना बाधतं. रोज घालत होता?"

"रोज."

"मग काय राहणार ती! लाडानं मारलीत."

"आणि माणसानं खाल्ला तर?"

"माणसाला काय धाड भरते? फार तर वजन वाढेल."

सिस्टर बाहेरच्या बाकावर टेकल्या. आधी हसू आलं, मग लाज वाटली. कोंबडी आपणच मारली आणि खापर सुनेवर फोडायला निघालो. वॉर्डात एखाद्या नर्सनं असं केलं असतं, तर तिची त्यांनी खरडपट्टी काढली असती.

घरी येऊन त्यांनी डबा उघडला आणि तो तुकडा उभ्याउभ्याच संपवला. चव चांगली होती. मागाहून जिभेवर थोडा कडवटपणा राहिला. पण चॉकलेट कडू असायचंच. मग साडीचा पदर सारखा करून त्या कित्येक महिन्यांनी जिना चढल्या.

सून खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्यावर टाके घालत होती.

"येऊ का गं?"

सुई थांबली. "या ना, आई. विचारताय काय?"

"चुकलं माझं. घर विकायचं म्हणालीस, त्याचा राग धरून बसले."

"मी म्हणाले?" सून बघतच राहिली. "विकायचंय ते तुम्हाला ना? यांनीच तर सांगितलं मला. मी तर सारखी त्यांच्या मागे लागलेय, आईंना समजवा म्हणून."

सिस्टर तिच्याशेजारी टेकल्या. "ते राहू दे. तो आला की त्यालाच विचारू. तुझा केक मात्र झकास झालाय हं. आत्ताच खाल्ला."

अभ्रा सुनेच्या हातून गळून पडला.

"खाल्लात? आई, केक तर तुम्ही करता! तुम्ही पाठवलाय असं सांगून हे मला रोज आणून देतात. मला खायचा धीर होत नाही, मी गुपचूप कोंबड्यांना टाकते."

खाली फाटक वाजलं. मुलगा या वेळी कधी घरी येत नसे. त्यानं आईच्या दारातून एकदा हाक मारली. उत्तर आलं नाही. तो आत डोकावला नाही; दाराला बाहेरून कडी घातली आणि शीळ घालत जिना चढू लागला.