लांबूनचा नमस्कार

या, अंमळ पुढे सरका. एका आरशाची नवलकथा सांगते.

वेधशाळेच्या दुर्बिणीचा आरसा आम्ही वर्षभर घासला. शेवटच्या तपासणीला मी यंत्रातून पाहिलं, तर मधोमध उंचवटा! काल तर नव्हता. आला कुठून?

"मिस्त्री, पुन्हा घासू या?"

अंताजी मिस्त्रींनी मला रोखलं. "बाई, आज आरशाला हात लावून नमस्कार केलात ना?"

"केला. शेवटचा दिवस म्हणून."

"तुमच्या तळव्याच्या उबेनं काच फुगलीय. आत्ता घासाल, तर निवल्यावर तिथं खड्डा पडेल. वर्ष वाया! बसा गप."

मी यंत्रातून टक लावून बसले. उंचवटा हळूहळू विरला.

"नमस्कार लांबूनही पोचतो, बाई," मिस्त्री हसले.

आता त्या आरशात तारे उतरतात. मंडळी, आभाळाकडे पाहून हात जोडाल, तेव्हा आमच्या मिस्त्रींनाही आठवा.